या रस्त्यावर माझी एक मैत्रीण वाटते

महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सकाळी रेव्हरंड हॅलम आमच्या रस्त्यावर पडले. एकवीस नंबरच्या घरासमोर. तिथल्या डोरीनबाईंनी अँब्युलन्स बोलावली. मी तेव्हा लायब्ररीत कामावर होते. पाच आठवड्यांनी ते हॉस्पिटलमध्येच वारले.

ते माझ्याकडे येताना पडले, असंच मी ते पाच आठवडे धरून चालले होते. त्यांना लिंबाचं लोणचं आवडायचं, चीज घातलेल्या टोस्टबरोबर खायचे. नवी बरणी घेऊन जा, असं मी आदल्याच दिवशी त्यांना सांगितलं होतं. त्यामुळे त्यांच्या पडण्याचं वाईट वाटत होतं, पण कोडं काही नव्हतं. कोडं नंतर सुरू झालं... अजून चालू आहे. ते सुटावं म्हणून लिहीत नाही. नीट मांडता तरी यावं, एवढ्यासाठी लिहिते आहे.

पामर्स्टन नॉर्थला, पृथ्वीच्या दक्षिण टोकाकडच्या या गावात, आम्ही माझ्या नवऱ्याच्या, सुहासच्या, संशोधनाच्या नोकरीमुळे आलो. मला गावातल्या लायब्ररीत अर्धवेळ काम मिळालं. इराकवर बॉम्ब पडायला लागून काही महिने झाले होते. एक उंच, वाकलेले, ऐंशीच्या घरातले इंग्रज गृहस्थ कॉपी मशीनपाशी उभे होते आणि मशीनने त्यांचा कागद गिळला होता. मी झाकण उघडून तो ओढून काढला. तो वाचायला नको होता, पण छापलेलं काही हातात आलं की वाचल्याशिवाय मला राहवत नाही. वर बायबलमधलं एक वचन, खाली या युद्धाबद्दल सहा-सात प्रश्न. उत्तर एकाचंही नव्हतं.

"मशीनलासुद्धा पटलेलं दिसत नाही," ते म्हणाले.

ते निवृत्त धर्मगुरू होते. चाळीस वर्षांपूर्वी इंग्लंडहून इथे आले, बायको इथेच वारली. पत्रकं आधी चर्चच्या मशीनवर काढायचे, पण तिथल्या मंडळींनी नम्रपणे सांगितलं की आपल्यातल्या काहींची मुलं सैन्यात आहेत, तेव्हा हे इथे नको. मग ते लायब्ररीत यायला लागले. मी मदत करायला लागले, ती आधी मशीनपुरती. नंतर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आम्ही पत्रकांच्या घड्या घालायचो. त्यांच्याकडे घडी दाबायची हाडाची पट्टी होती. मी बोटाच्या नखाने दाबायचे, शाळा सुरू होताना वह्यांना खाकी कव्हरं घालतात तशी. माझी घडी जास्त सरळ येते, हे त्यांनी पहिल्याच दिवशी कबूल केलं आणि पट्टी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

"आज पाद्रीबाबांकडे का?" सुहास चिडवायचा. आमची मुलगी मीराही ऐकून ऐकून त्यांना पाद्रीबाबा म्हणायला लागली. तेवढा एक मराठी शब्द ती आपणहून वापरायची. मी त्यांना शेवटपर्यंत मिस्टर हॅलम म्हणाले. टेड म्हण, असं त्यांनी पुष्कळदा सांगून पाहिलं. वडिलांच्या वयाच्या माणसाला मला ते जमलं नाही.

प्रश्नच का लिहिता, असं मी एकदा विचारलं. हातातली घडी त्यांनी पुरी केली. मग म्हणाले, की इंग्लंडमध्ये नवखे धर्मगुरू असताना, एका जुन्या लढाईच्या वेळी, त्यांनी एक पत्रक लिहिलं होतं. देव आपल्या बाजूला आहे, असं. खाली नाव घातलं होतं. त्यांच्या भागातली मुलं ते खिशात घालून गेली. एका आईने मुलाच्या सामानात आलेलं ते पत्रक त्यांना परत आणून दिलं.

"काय म्हणाल्या त्या?"

"काही नाही. चहा पण घेतला त्यांनी." पुढचा कागद ओढत म्हणाले, "त्या पत्रकात एकही प्रश्न नव्हता बघ."

ते काही रस्ते वाटून द्यायचे. चर्चमधल्या दोन-तीन जणी होत्या, आणि आमचा रस्ता माझ्याकडे होता. चाळीस घरं, चाळीस पत्रकं. मी आनंदाने हो म्हणाले होते. घरी आल्यावर सुहासने गठ्ठा पाहिला.

"अगं, आपले पीआरचे कागद सरकारकडे आहेत," तो म्हणाला. पीआर म्हणजे इथे कायम राहायची परवानगी. "त्यांचं काय, ते गोरे. लोक म्हणतील म्हातारा चळला. तू वाटलंस तर म्हणतील, ही कोण?"

मी तरी निघाले. तीन घरांच्या टपालपेट्यांत टाकली. चौथ्या घरी एक गृहस्थ हिरवळीला पाणी घालत होते. त्यांनी हातात घेऊन पत्रक पूर्ण वाचलं आणि विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"आठ नंबरच्या," मी म्हटलं.

"नाही, त्याच्या आधी?"

ते वाईट बोलले नाहीत. हसूनच विचारलं. पण मी घरी परत आले, आणि उरलेला गठ्ठा गॅरेजमध्ये एका खोक्यात ठेवला. रिसायकलिंगमध्ये टाकून मोकळी हो, असं सुहास म्हणाला. इथे कोणीही तेच केलं असतं. मला जमेना. छापलेला कागद, त्यावर कुणाच्या का होईना धर्मग्रंथातलं वचन. खोकं सरकवताना गठ्ठ्याला पाय लागला तर माझा हात आपोआप कपाळाकडे गेला होता. असा कागद कचऱ्यात टाकता येत नाही. जे वाटणं जमत नव्हतं आणि टाकणंही जमत नव्हतं, ते साठत गेलं.

पुढच्या महिन्यात त्यांनी विचारलं, "सगळी गेली?" मी मान हलवली. मग दर महिन्याला ते विचारायचे, मी मान हलवायचे आणि नवा गठ्ठा घेऊन यायचे. नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. आणि बुधवारची ती दुपार मला हवी होती, हेही खरंच.

एप्रिलमध्ये, म्हणजे इथल्या पानगळीच्या दिवसांत, आमच्या दारातल्या झाडाखाली फिजोआंचा सडा पडतो. पेरूच्या चवीचं, अंड्याएवढं हिरवं फळ. मिस्टर हॅलम न्यायला आले होते. "गॅरेजमध्ये एखादं खोकं बघा," मी खिडकीतून ओरडले, आणि बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. ते आत जरा जास्तच वेळ होते. बाहेर आले ते दुसरंच, रिकामं खोकं घेऊन. "हीप्स ऑफ रूम, ढीगभर जागा आहे तुमच्याकडे," एवढंच म्हणाले आणि फळं वेचायला वाकले.

त्यांना दिसलं नसेल, असं मी ठरवलं. चष्मा ते नेहमी विसरायचेच. पुढच्या बुधवारी त्यांनी नेहमीप्रमाणे चाळीस पत्रकं मोजून माझ्या हातात दिली. फक्त, सगळी गेली का, हे त्यानंतर कधी विचारलं नाही. हे मला तेव्हा जाणवलं होतं की आता मागे वळून पाहताना वाटतंय, ते सांगता येत नाही.

जूनमध्ये आमचा पीआर आला. आता भीतीचं कारण उरलं नव्हतं. तरी मी पत्रकं वाटली नाहीत. इतक्या महिन्यांनंतर अचानक सुरू करणं म्हणजे आधी केलं नव्हतं हे स्वतःशी कबूल करणं, आणि ते मी पुढच्या महिन्यावर ढकलत राहिले.

हॉस्पिटलमध्ये मी शेवटची गेले तेव्हा मनाची तयारी करून गेले होते. ते उशीला टेकून बसले होते, फार बारीक दिसत होते.

"मला तुम्हाला एक सांगायचं आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "फिजोआंबद्दल?"

"हो," मी म्हणाले.

"मग राहू दे. खूप छान होते," ते म्हणाले, आणि डोळे मिटले.

अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये चहा होता. डोरीनबाई सँडविचची बशी घेऊन माझ्यापाशी आल्या. "दर महिन्याला यायचे बिचारे," त्या म्हणाल्या. "पहिला गुरुवार, काठी टेकत, एकेका पेटीपाशी. मी म्हटलं, माझ्याकडे द्या, मी टाकते. तर म्हणाले, नको, या रस्त्यावर माझी एक मैत्रीण वाटते. तिच्याकडून राहिलेली तेवढी मी टाकतो."

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाले पाच-सहा महिने. पडले त्या दिवशी पण पिशवीत पत्रकं होती ना. सगळ्या फुटपाथवर उडाली. मी वेचली."

गुरुवारी सकाळी मी कामावर असते, हे त्यांना माहीत होतं. आमच्या पेटीत पत्रक कधीच आलं नाही. आठ नंबर ते वगळत होते.

मग मला दर महिन्याला चाळीस का देत होते? मला लाज वाटू नये म्हणून? की मी कधीतरी करेन, याची वाट पाहत होते? की सरळ काही बोलायचंच नाही, ही इंग्रज सवय, आणि मी उगाच तिच्यात अर्थ शोधते आहे? सुहास म्हणतो, "तू त्यांना पाडलं नाहीस." ते मला कळतं. मीराला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "ही डिडंट माइंड, आई." तिला हे इतक्या खात्रीने कसं माहीत, कोण जाणे. त्यांना मी आवडत होते की त्यांनी मला माफ केलं होतं, आणि हे दोन वेगळे आहेत का, हेही मला कळत नाही. विचारायचं ज्यांना, ते नाहीत. प्रश्न लिहून ठेवायची त्यांची रीत तेवढी मला लागलेली दिसते.

मागच्या गुरुवारी मी रजा घेतली. इराकमधलं युद्ध संपलेलं नाही, त्यामुळे पत्रकं जुनी झाली असं म्हणता येत नाही. खोक्यातला सगळ्यात वरचा, शेवटचा गठ्ठा काढला आणि एक नंबरपासून सुरुवात केली. ते हिरवळीला पाणी घालणारे गृहस्थ बाहेरच होते. त्यांनी कागद हातात घेतला, उलटून पाहिला.

"हे मला मिळालंय आधी," ते म्हणाले.

"माहीत आहे," मी म्हटलं.

त्यांनी तरी तो घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. एकवीस नंबरपाशी मी थोडी थांबले, मग पुढे गेले. शेवटच्या घरापर्यंत.

खोकं गॅरेजमध्येच आहे. चौदा गठ्ठे होते. तेरा राहिले आहेत.