फ्लॉपीतली नात

किस्से आम्ही कधी जमवले नाहीत. गोविंदरावांच्या एग्मोरच्या घराच्या ओट्यावर रोज संध्याकाळी बसायचं, की ते आपोआप साचतात. फिल्टरमधून कॉफीचं डिकॉक्शन उतरतं तसे, थेंब थेंब. घाई केली की पातळ होतात. म्हणून सावकाश सांगतो. तसंही मला सावकाशच बोलता येतं.

गोविंदराव रेल्वेत गार्ड होते. सेतूराव टेलिफोन एक्स्चेंजमधले. मी जेमतेम शिकलेला. स्टेशनात गाडी थांबली की हातोडीने चाकं ठोकून आवाज ऐकायचो. तिघेही रिटायर. अक्का म्हणजे गोविंदरावांच्या पत्नी. आमची मैत्री त्यांच्या कॉफीवर टिकून होती.

*

गोविंदरावांच्या अमेरिकेतल्या मुलाने मित्राबरोबर एक जुना लॅपटॉप पाठवला. त्याच्या कडेच्या खाचेत एक फ्लॉपी होती, आणि फ्लॉपीत नव्या नातीचा फोटो.

मित्राने ओट्यावरच मशीन उघडलं. आम्ही तिघांनी डोळे भरून फोटो पाहिला. अक्का आत आमच्यासाठी कॉफी करत होत्या. त्या हात पुसत बाहेर आल्या आणि बॅटरी संपून पडदा काळा झाला. मित्राला त्रिचीची गाडी गाठायची होती. वायर लावून बटण दाबा, फोटो आतच आहे, असं सांगून तो पळाला.

आम्ही वायर लावली, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक वाक्य आलं आणि मशीन तिथेच अडलं.

अक्कांनी कॉफीचे टंबलर आमच्यासमोर ठेवले. "प्या. तुमचं तरी वेळेवर होऊ दे!"

*

ते वाक्य सेतूरावांनी वाचलं. सुरुवातीचे शब्द त्यांना लागले नाहीत. शेवटी मात्र काहीतरी बदला आणि मग कुठलीही कळ दाबा, असं लिहिलंय म्हणाले.

काय बदला, हा प्रश्न उरला. गोविंदरावांनी प्लग बदलला. मग टेबलाची दिशा. मग आंघोळ करून नेसलेली वेष्टीसुद्धा बदलून आले. सेतूरावांनी एकूण एक कळ दाबली. वाक्य जागचं हललं नाही.

आतून अक्कांचा आवाज आला, "मित्र बदलून बघा."

*

मग माझी पाळी. आयुष्यभर चाकं ऐकलीस, हेही ऐक, असं दोघांचं म्हणणं पडलं. मी कान लावला. बटण दाबलं की फ्लॉपीच्या बाजूने कुरकुर यायची. तेवढं मी सांगितलं.

सेतूराव फ्लॉपी काढून बघायला गेले. अक्का धावतच बाहेर आल्या. मुलगी अजून तीन महिन्यांचीही नाही, तिला इतक्यात बाहेर काढायचं नाही, आणि काढायचीच झाली तर सेतूरावांच्या हातात तर मुळीच द्यायची नाही. त्यांच्या हातून आजवर किती टंबलर पडले ते अक्कांना माहीत होतं.

सेतूरावांनी हात मागे घेतला. वर मलाच विचारलं, "कुरकुरतंय तर ग्रीस घालू का?"

*

त्यानंतर मुहूर्त सुरू झाले. गोविंदराव राहुकाळात बटण दाबू देत नसत. सेतूराव यमगंडाच्या अशुभ वेळेत. उरलेल्या वेळात एकाची झोप आणि दुसऱ्याची ब्लडप्रेशरची गोळी.

अक्कांनी हे बरेच दिवस पाहिलं. एकदा ताटं वाढता वाढता म्हणाल्या, "घाई नाही. तिच्या लग्नाआधी चालू करा म्हणजे झालं."

*

एका रविवारी मुलाचा फोन आला. आम्ही ओट्यावर, अक्का आत. त्यांचंच बोलणं तेवढं ऐकू येत होतं.

"पाहिला की रे फोटो. रोज पाहते." मग जरा थांबून, "केस अगदी तुझ्यासारखे आहेत. दाट."

पलीकडून मुलगा काय म्हणाला, कळलं नाही. आम्ही तिघांनी टंबलर खाली ठेवले. फोटोतल्या मुलीच्या डोक्यावर एक केस नव्हता.

गोविंदराव उठले, चपला घातल्या आणि रिची स्ट्रीटच्या कॉम्प्युटर बाजारातून मेकॅनिकला घेऊनच आले.

*

मेकॅनिकचं नाव सेल्व्हम. त्याने बटण दाबलं, वाक्य वाचलं आणि सरळ फ्लॉपीकडे बोट नेलं. अक्कांनी त्याचं मनगट धरलं. तमिळमध्ये त्याला सगळं सांगितलं: नात, तीन महिने, सेतूराव.

सेल्व्हम हसला नाही. त्यालाही मुलगी असावी. तो म्हणाला, "अम्मा, ती दारातच बसलीय, म्हणून घर उघडत नाही. घर उघडलं की लगेच आत घेऊ."

अक्कांनी खाचेखाली पदर धरला. त्याने फ्लॉपी अलगद त्यात सोडली. मशीन सुरू झालं. फ्लॉपी परत आत गेली आणि फोटो वरून खाली, एकेक ओळ उतरू लागला. आधी नुसतं गुळगुळीत डोकं आलं.

अक्का आमच्याकडे वळल्या. "टक्कल आहे हो हिला! एकानेही सांगितलं नाही?"

आम्ही तिघेही रस्त्याकडे पाहत बसलो. डोळे आले, नाक आलं, हनुवटी आली, तेव्हा कुठे अक्का खाली बसल्या. मग कितीतरी वेळ त्यांनी आमच्याकडे पाहिलंच नाही. कॉफीही झाली नाही.

निघताना सेल्व्हमने बजावलं, मशीन बंद केलं की फ्लॉपी काढून ठेवा, नाहीतर उद्या पुन्हा अडेल.

"म्हणजे रात्रभर तिला बाहेर ठेवू?" अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गोविंदरावांनी बटण दाबलं. पडद्यावर तेच जुनं वाक्य. अक्का पदर पसरून तयारच बसल्या होत्या.