दोन पायांचं माप

करोनाच्या त्या सालात मी देवीला प्रार्थना कमी आणि आकडेच जास्त सांगत होतो. बायको घरात वेगळ्या खोलीत होती. दिवसातून तीनदा दारात उभा राहून मी तिचा ताप आणि ऑक्सिजन विचारायचो आणि वहीत लिहायचो. चौदा दिवसांनंतर ताप नव्हता, ऑक्सिजन सत्त्याण्णव. तरी मन थाऱ्यावर नव्हतं. ओळखीची माणसं जात होती, देवळाला कुलूप होतं, आणि आत कुणी ऐकतं आहे का, याचीच मला शंका येऊ लागली होती.

तिची डावी पोटरी दुखत होती. बोंडअळीनं कापूस पोखरलेला, मजूर मिळेना, म्हणून आजारी पडण्याआधी तिनं स्वतः वेचणी केली होती. वेचणीनं पाय भरून आले की आमच्याकडे कोमट तेलानं रगडतात. चौदा दिवस संपल्यापासून मीही सकाळ-संध्याकाळ रगडत होतो.

देवीला बंद दारातून तरी पाहू, असं ती सारखं म्हणे. शेवटी नेरहून ऑटो केला. देवळाची पहिलीच पायरी तिला चढवेना. ती तिथेच बसली आणि मी तिचा पाय मांडीवर घेऊन चोळू लागलो. ऑटोवाले चाचा जवळ आले.

"भाऊ, हात काढा पयले."

वेचणीचा शीण आहे, मी म्हणालो.

"भाभीनं वेचणी दोन्ही पायांनं केली ना? मंग एकच काहून सुजला?"

त्यांच्या बहिणीला करोनानंतर असंच झालं होतं. घरच्यांनी चोळलं. ती वाचली नाही. हे त्यांनी खाली बघत सांगितलं.

देवीसाठी आणलेला नाडा मी दोन्ही पोटऱ्यांना गुंडाळून पाहिला. डावीकडे दोन बोटं कमी पडला. माझ्या वहीत सगळं होतं, एवढं माप नव्हतं.

चाचांनी ऑटो थेट यवतमाळच्या दवाखान्यात नेला. शिरेत रक्ताची गाठ निघाली. या आजारात रक्त गोठतं, चोळल्यानं गाठ सुटून फुप्फुसात गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं सुरू झाली. आत जायची परवानगी नव्हती. पाच दिवस मी बाहेरच्या लिंबाखाली बसून तिच्या खिडकीकडे पाहत होतो. घरात चौदा दिवस ती दहा पावलांवर होती, तेव्हा आकड्यांपलीकडे मी तिच्याशी काही बोललोच नव्हतो. फोनवर मी पुन्हा ऑक्सिजन विचारला, तर ती म्हणाली, "ते नर्सबाई लिवते. तुमी जेवले काय, ते सांगा मले."

ती बरी होऊन घरी आली. चाचा त्या दिवशी केव्हा निघून गेले, कळलंच नाही. अजूनही नेरच्या स्टँडवर मी प्रत्येक ऑटोत डोकावतो. माझी बायको वाचली आणि त्यांची बहीण का नाही, याचा हिशोब मला लागत नाही, आणि आता मी तो मांडतही नाही. हात जोडले की आधी त्या बहिणीसाठी मागावंसं वाटतं. तिचं नाव मला ठाऊक नाही. ते देवीला ठाऊक असेल, एवढ्यावर मी डोळे मिटतो.