अडतीस सेकंदांचा तुकडा

जेवण अंगावर आलंय. दुकानाचं शटर अर्धं खाली आहे, पंखा गरम हवाच ढवळतोय, आणि कॉम्प्युटरवर व्हिडिओ तयार होत असल्याची हिरवी पट्टी सरकता सरकत नाही. मी तळहातावर गाल टेकवून तिच्याकडे बघतोय. बावीस टक्के. डोळा लागू द्यायचा नाही, दिगंबर, असं मी स्वतःला बजावतो. तेवीस. पट्टीच्या हिरव्यात शेवाळ दिसायला लागतं.

"झालं का कापून?" मागच्या स्टुलावरून हणमंत विचारतो.

तो गेला त्याला येत्या गुरुवारी वर्ष होईल, हे मला या घडीलाही पक्कं ठाऊक आहे. मी दचकायला हवं. त्याऐवजी मी विचारतो, "चहा सांगू?"

"नगं. पोटात जागा न्हाई."

तो राक्षसाचा तोच पोशाख घालून बसलाय. राक्षसाचं डोकं काढून मांडीवर घेतलंय. फोममधून पाणी निथळतंय आणि फरशीवरून माझ्या चपलांकडे येतंय. मी शहाण्यासारखा जमिनीवरचा वायरबोर्ड उचलून टेबलावर ठेवतो.

आम्ही दोघं पोटासाठी लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करायचो. जिवाला बरं वाटावं म्हणून मात्र राक्षसांचे पिक्चर कापायचो. जगातल्या कुठल्याही देशातला राक्षस असो, शेवटच्या दहा मिनिटांत मिलिटरी येते आणि त्या बिचाऱ्याला मारते. हणमंताला ते सहनच व्हायचं नाही. तो मिलिटरी उडवायचा, आगीचे सीन उलटे चालवून राक्षसाच्या जखमा भरून आणायचा, आणि त्याला समुद्रात उभा ठेवून पिक्चर संपवायचा. कार्टूनमधलासुद्धा एकही प्राणी त्याने मरू दिला नाही. "मारायचं का न्हाई ते कापणाऱ्याच्या हातात असतंय," असं तो कॉलर ताठ करून सांगायचा. आधी आम्ही मातीचे राक्षस करून त्यांचे एकेक फोटो काढायचो, बोटभर हलवायचे आणि परत फोटो, की पडद्यावर ते चालायला लागायचे. मग त्याला खराखुरा, माणसाएवढा राक्षस हवा झाला.

गादीचा फोम मी आणला. चेन पाठीला मी लावली, कारण पुढून ती कॅमेऱ्यात दिसली असती. फोम पाणी पितो हे शेंबड्या पोराला कळतं. आम्हा दोघांना ते पाझर तलावावर कळलं.

"आईनं काय सांगितलंय तुला?" हणमंत विचारतो.

"वर्षश्राद्धाला टीव्हीवर लावायचाय तुझा शेवटचा दिवस. राक्षस बघायचाय म्हणाल्या काकू."

"मग दाव की."

"दाखवतोच आहे. तू पाण्यात उतरतोस तिथपर्यंत."

त्याची मान माझ्याकडे वळते, पण आमच्या मातीच्या बाहुल्यांची वळायची तशी, मधल्या जागा गाळून. मला त्याची भीती वाटते. वर्षभर नुसतं वाईट वाटत होतं, आता सरळ भीती वाटते.

पंखा वाढवायला मी भिंतीकडे हात नेतो तर भिंत नाही. आम्ही तासगावच्या जुन्या व्हिडिओ सेंटरात आहोत, जिथे शाळा बुडवून पहिला राक्षस बघितला होता. पत्र्याचं छप्पर, बिडीचा वास, लाकडी बाकं. बाकं भरलेली आहेत. पाठी दिसतात. खवल्यांच्या, केसाळ, जळून काळ्या पडलेल्या पाठी. शेपट्या बाकाखाली गुंडाळून घेतल्यात, कुणाला लागू नयेत म्हणून.

"हे आपले," मी हळूच म्हणतो.

"आपलेच. आपण वाचिवलेले."

"मग असे का बसलेत?"

"शेवट काडून टाकलास न्हवं त्यांचा? आता जात्यात कुठं? बसून ऱ्हायल्यात."

"तूच काढायला लावायचास."

"व्हय. तवा म्हाईत न्हवतं." तो हातातल्या राक्षसाच्या डोक्यातलं पाणी फरशीवर ओततो. "कडंच्या बाकावर जागा धरलीया मी बी."

एकही राक्षस मागे वळत नाही. सगळे पडद्याकडे बघतायत आणि पडद्यावर आमचा तलाव आहे.

मला माझं तोंड उघडावंसं वाटत नाही, तरी मी उघडतो. "उलटा चालवू का तुला? थांब, चालवतोच." माझ्या हातात माउस आहे. पाणी मिटतं, फेस आत जातो, हणमंत पाठमोरा पाण्यातून वर येतो, पाठमोराच काठावर चढतो, आणि मी त्याची चेन उघडतो. तो पोशाखातून बाहेर पडतो. बनियन कोरडी आहे. मला रडू फुटतं. "झालं बघ," मी म्हणतो, "आलास की रे!"

"आन मग?" तो म्हणतो.

मग पिक्चर सुलटा चालू होतो. तो पोशाखात पाय घालतो. मी चेन लावतो. माझाच हात, मला तो थांबवता येत नाही.

मी डोळे झाकतो आणि उघडतो तो काकूंच्या स्वयंपाकघरात. काकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या, पीठ मळतायत. ओट्याखालून तलावाचं पाणी काठाला लागल्यासारखं हलतंय. हणमंत पाटावर बसलाय, गुडघे पोटाशी घेऊन, लहानपणी जेवायला बसायचा तसा.

"सांग," तो म्हणतो.

"काय सांगू? पोलिसांना सांगितलं तेच काकूंनाही सांगितलंय. मी बॅटरी आणायला गाडीकडं गेलो होतो. आलो तर तू दिसला नाहीस. मी उडी मारली."

"उडी मारलीस. ते खरं हाय. त्येच्या आदी?"

पीठ मळणारे हात थांबत नाहीत. पाणी माझ्या घोट्यांना लागतं, मग गुडघ्यांना. काकूंच्या पदराचं टोक भिजतंय आणि त्यांना पत्ता नाही. सगळा राग मला त्या पदराचा येतो. ते उचलून द्यावं तर हात जागचे हलत नाहीत.

"व्हिडिओचा आवाज का बंद केलास?" हणमंत विचारतो.

"वारा होता माइकवर."

"वारा न्हवता, दिग्या."

आणि मग मी सांगतो. काकूंच्या पाठीला सांगतो, कारण तोंडाला सांगणं मला जन्मात जमलं नसतं. "काकू, मी गाडीकडं गेलोच नव्हतो. कॅमेरा माझ्या हातातच होता. तो पाण्यात हात मारत होता, आणि मी म्हटलं, काय भारी करतोय! कॅमेरा बंद केला नाही. अडतीस सेकंद मी शूट करत उभा होतो. त्याला जवळ घेत होतो, काकू, झूम करून. ते अडतीस सेकंद मी कापले, पुसले नाहीत, एका फोल्डरमध्ये आहेत. वर्षभर रोज बघतोय, आवाज बंद करून."

हात थांबतात. पीठ लागलेली बोटं परातीच्या काठावर टेकतात. काकू वळायला लागतात. हणमंत पाटावरून उठतो आणि या वेळी त्याच्या हलण्यात एकही जागा गळत नाही. तो सरळ पाण्यात चालत जातो, पाठीवर माझी चेन. मला त्याच्याकडेही बघवत नाही आणि काकूंच्या तोंडाकडेही.

गालाला काहीतरी भाजतंय.

मी डोकं उचलतो. दुकान. कोरडी फरशी, शटरखालून आलेलं दुपारचं ऊन. गालाखाली मोबाइल आहे, इस्त्रीसारखा तापलेला, घामाने ओला. झोपेत मीच उचलला असणार. काचेवर काकूंचं नाव आहे आणि त्याखाली चालू कॉलचे आकडे पळतायत. अकरा मिनिटं, चार सेकंद. पाच. सहा.

मी फोन कानाला लावतो. पलीकडे कुकरची शिट्टी होते.

"दिगू," काकू म्हणतात. आवाज रडका नाही, तेच वाईट. "जागा झालास?"

"हो."

"समदं ऐकलं मी. येकच सांग."

मी फोन कानावर घट्ट दाबतो.

"त्येनं हाक मारली व्हती का रं तुला?"

आमच्या राक्षसाला बोलायचं काहीच नव्हतं. सीन मीच लिहिला होता. त्यात नुसते हात उडवायचे होते, आणि ते हणमंताला चांगलं पाठ होतं.

"हो, काकू," मी म्हणतो. "तीनदा."