माझ्या तोंडचा शब्द

मालकांनी माझी पिशवी पडवीत उलटी केली. सगळ्यांसमोर.

आधी डबा पडला. झाकण उघडलं आणि भाकरीबरोबरची सुकटीची चटणी फरशीवर सांडली. त्या घरात मासळी चालत नाही. मी माझा डबा रोज मागच्या बाजूला, नारळाच्या बुंध्याशी बसून खायची. वास आत जाऊ नये म्हणून. आता तो पडवीभर झाला. वहिनींनी ओढणी नाकाला लावली. मग कंगवा पडला. जुनी साडी पडली. पॅडचं पाकीट पडलं. शेवटी निळ्या पुठ्ठ्याचा छोटा नवा करार पडला, बायबलचा दुसरा भाग.

मालकांनी तो हातात घेतला नाही. चपलेच्या टोकानं पुढे सरकवला.

"हेच का ते?"

"हो."

"माणसामागे किती देतात गं तुला?"

आंब्याचे दिवस होते. अंगणात पेट्या भरायचं काम चालू होतं. गवतावर आंबे मांडणारे हात थांबले. बागेची राखण करणारा नेपाळी आणि त्याची बायको चिऱ्याच्या कुंपणाशी, गडग्याशी उभी होती. सगळे माझ्याकडे बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते.

मी आजारी माणसं सांभाळते. लोकांच्या घरी जाऊन. अंग पुसायचं, कूस बदलायची, भरवायचं, शी-शू काढायची. रत्नागिरीत खोली घेऊन एकटी राहते. या घरी रोज पावसच्या एसटीनं यायची. घर मोठं, बागायतदारांचं. मालकांच्या आईला अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेलेली. बोलणं जड झालेलं, पण जवळ बसून ऐकलं की कळायचं.

जवळ कोणी बसायचं नाही.

वहिनी, म्हणजे सूनबाई, दारातून विचारायच्या, "पेशंटनं खाल्लं का?" मालक गाडीत बसता बसता विचारायचे, "पेशंटला झोप लागली का?" वाईट वागत नव्हते. औषधं वेळेवर यायची, हवा भरायची गादी आणली होती. फक्त तिला कोणी हाक मारत नव्हतं. मी आजी म्हणायची.

मी मूळची तिथलीच. पावसच्या पुढे आमची बौद्धवाडी. माझे बाबा मुंबईला गोदीत होते, मग गावी आले. त्यांनी आम्हाला एकच शिकवलं. मान खाली घालायची नाय. त्यांच्या आज्यानं खूप घातली होती. बाबांच्या बापानं धम्म घेतला आणि मान वर केली. आमच्या घरात ही गोष्ट जेवताना, भांडताना, लग्नात, मयतात, कधीही निघायची.

मग माझा नवरा मुंबईच्या सरकारी दवाखान्यात मरत होता. दारूनं पोट फुगलेलं. मी बाकड्यावर बसून होते. माहेरचं कोणी पोचलं नव्हतं, सासरचं कोणी येणार नव्हतं. वॉर्डात केरळची एक सिस्टर होती. ड्यूटी संपली तरी ती घरी गेली नाही. माझ्या शेजारी येऊन बसली. मोडक्या मराठीत म्हणाली, "मी प्रेयर करू? तुम्हाला चालेल?" मी म्हटलं करा. नवरा गेलाच. पण ती बाई मला पुढेही भेटत राहिली. तिनं मला काही दिलं नाही, काही मागितलं नाही. ती सांगत गेली आणि मी विचारत गेले. पुढे मी बाप्तिस्मा घेतला.

बाबा एवढंच म्हणाले, "एकदा बाहेर पडलो आपण. परत कोणाच्या पायाशी कशाला जातंस?" त्यानंतर ते माझ्याशी बोलायचे बंद झाले.

चर्चमध्ये सांगतात, प्रत्येकानं सुवार्ता सांगावी, म्हणजे येशूबद्दल. मला भाषण येत नाही. कोणाच्या देवाला खोडून काढणं तर मला जमणारच नाही. मी जन्मभर खोडल्या गेलेल्यांतली. मला एवढंच येतं. माणसाचं अंग पुसताना मी त्याच्यासाठी ओठातल्या ओठात मागते.

एका दुपारी आजींनी विचारलं, "काय गं पुटपुटतेस?"

"प्रार्थना करते, आजी."

"कोणाची?"

"येशूची."

"माझ्यासाठी?"

"हो. तुम्हाला नको असेल तर मनात करीन."

त्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला. मग म्हणाल्या, "मोठ्यानं कर. या खोलीत कोणी बोलत नाही."

असं सुरू झालं. सकाळी वहिनी देवघरातलं तीर्थ आणायच्या. मी आजींचं डोकं वर धरायची आणि वहिनी चमचा ओठाला लावायच्या. आजी डोळे मिटून घ्यायच्या. ते मी कधी अडवलं नाही, त्यावर कधी बोलले नाही. दुपारी घर झोपलं की आजी म्हणायच्या, "आता तुझ्याकडचं सांग."

मी सांगायची. एक गोष्ट त्यांना फार आवडली. एका बाईला वर्षानुवर्षं रक्त जात होतं. कोणी तिला जवळ करत नव्हतं. ती गर्दीत मागून येऊन येशूच्या कपड्याला हात लावते, गुपचूप. तो थांबतो. सगळी गर्दी थांबवतो. ती थरथरत पुढे येते, आणि तो तिला मुली म्हणून हाक मारतो.

"सगळ्यांसमोर?" आजींनी विचारलं.

"सगळ्यांसमोर."

"परत सांग."

किती वेळा सांगितली असेल. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायचं. मी पुसायची.

मग पुण्याहून पाहुणे आले. खोलीत खुर्च्या मांडल्या. एक गृहस्थ कौतुकानं मोठ्यानं म्हणाले, "काकू, नशीबवान आहात! मुलगा-सून किती करतात तुमचं!"

आजी म्हणाल्या, आणि नेमकं त्या दिवशी त्यांचं बोलणं स्वच्छ आलं, "हिच्या येशूनं त्या बाईला मुली म्हटलं. मला इथं पेशंट म्हणतात."

पाहुण्यांनी चहाचे कप खाली ठेवले. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पायरी चढले आणि त्यांनी पिशवी हिसकून घेतली.

"माणसामागे किती देतात?" त्यांनी परत विचारलं.

"कोणी काही देत नाही, भाऊ. आजींनी विचारलं, मी सांगितलं."

"अंथरुणाला खिळलेल्या बाईला बाटवतेस?"

"नाही. त्यांच्या देवाबद्दल मी एक शब्द बोलले नाही. वहिनींना विचारा."

वहिनी खाली बघत होत्या. त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ओढणी परत नाकाला लावली.

"कुठल्या वाडीतली तू? वाटलंच." मालक अंगणातल्या गड्यांकडे बघून म्हणाले, "यांचं असंच. आज हा, उद्या तो. जिथं मिळेल तिथं."

माझे कान तापले. बाबांचा आजा, बाबांचा बाप, बाबा, सगळे त्या पडवीत माझ्याबरोबर उभे आहेत असं वाटलं.

मग मालकांचा आवाज उतरला. त्यांनाही माणूस हवं होतं. या कामाला चटकन कोणी मिळत नाही. ते म्हणाले, "हे बघ, मी पोलिसात जात नाही. आत जा. आईला सांग, मी खोटं बोलले, सगळं पैशासाठी बोलले. आणि काम चालू ठेव. आधी हे पुस."

आईला. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

मी चटणी पुसली नाही. आत गेले. खरं सांगते, सांगायच्या तयारीनंच गेले. मी खोटं बोलले, तीनच शब्द. खोलीचं भाडं आहे. हातात दुसरं काम नाही. आणि मी गेले तर आजींना कोण बघेल, असंही मनाला सांगत होते. मालक आणि वहिनी माझ्या मागे दारात येऊन उभे राहिले. आजींनी डावा हात उचलला.

"काय झालं गं? कसला आवाज?"

मी तो हात धरला. रोज मी पुसत असलेला हात. त्या क्षणी मला सगळं लख्ख दिसलं. यांना माझ्या हातानं आईची शी काढलेली चालते. माझ्या हातानं भरवलेलं चालतं. माझ्या तोंडचा शब्द चालत नाही. यांचं दुखणं देवाचं नाही. माझ्यासारखीकडं देण्यासारखं काही आहे आणि यांच्या आईनं ते घेतलं, हे दुखणं आहे. माझ्यासारखीनं घ्यायचं असतं. उरलेलं, जुनं, लांबून टाकलेलं. द्यायचं नसतं.

मी म्हटलं, "आजी, मी तुम्हाला सांगितलं ते खरं आहे. मला त्याचे पैसे मिळाले नाहीत. तुम्ही तुमच्या देवाला सोडा असं मी म्हटलं नाही. आता मी चालले. मला ठेवत नाहीत."

आजींनी हात घट्ट धरला. मीच बोटं सोडवली. त्यानं माझं काळीज फाटलं, मालकांच्या बोलण्यानं नाही.

पडवीत येऊन मी वस्तू गोळा केल्या. पुस्तक कपाळाला लावलं नाही, छातीशी धरलं नाही. धूळ झटकली आणि पिशवीत टाकलं.

"ते पुसून जा," मालक फरशीकडे बोट दाखवून म्हणाले.

"तुम्ही सांडलंत. तुम्ही पुसा."

असं मी आयुष्यात कोणाला बोलले नव्हते. फाटकापर्यंत कोणी आडवं आलं नाही. कोणी सोबतही आलं नाही.

गोष्ट एसटीच्या आधी रत्नागिरीत पोचली. रविवारी चर्चला गेले, तर प्रार्थनेनंतर कमिटीतले एक गृहस्थ बाजूला घेऊन गेले. निवृत्त अधिकारी, चांगला माणूस. त्यांचे आजोबाही याच बाकांवर बसलेले. म्हणाले, "ताई, थोडे दिवस येऊ नका. सध्या वातावरण बरोबर नाही. आम्हाला इथं राहायचंय."

"मला पण इथंच राहायचंय," मी म्हटलं.

"तसं नाही हो. तुम्ही समजून घ्या. कामाच्या ठिकाणी कशाला बोलायचं?"

मी पाळकांकडे, आमच्या धर्मगुरूंकडे पाहिलं. गेल्या महिन्यात त्यांनीच सांगितलं होतं, दिवा लावून टोपलीखाली कोणी ठेवत नाही. ते गाणी म्हणायची पुस्तकं कपाटात लावत होते. एकेक पुस्तक नीट. मागे वळले नाहीत. मला त्यांचा राग आला नाही. त्यांना लेकरं आहेत, भीती आहे. पण मी त्या दारातून बाहेर पडले तेव्हा मालकांच्या फाटकातून निघताना वाटलं त्याहून जास्त एकटं वाटलं. मालकांकडे मी परकीच होते.

भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊन बसले. सुट्टीचा दिवस. लोक पोरांचे फोटो काढत होते. कोणाशी बोलावं असं कोणी नव्हतं. प्रार्थनाही आली नाही. नुसती बसले आणि उन्हं कलल्यावर खोलीवर आले.

नंतर गावी गेले. बाबा पडवीत जाळं विणत होते. म्हातारपणी धरलेला नाद. मान वर न करता म्हणाले, "आयकलं."

मी उंबऱ्याबाहेर उभी.

"माफी मागितलंस?"

"नाय."

सुई थांबली. "आणि ती घाण?"

"म्हटलं, तुम्ही पुसा."

त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. उठून आत गेले आणि पेजेचा वाडगा आणून माझ्यासमोर ठेवला. मी पेज पिईपर्यंत विणत राहिले. मग म्हणाले, "बरं केलंस. पण तुझा देव मला नको सांगू."

"विचारलंत तर सांगीन."

"नाय विचारणार."

"बरं."

राहा म्हणाले नाहीत. शेवटची एसटी चुकेल, एवढंच म्हणाले.

पावसाळा लागण्याआधी आजी गेल्या. मला कोणी कळवलं नाही. नेपाळ्याची बायको गावाला निघाली होती, रत्नागिरीच्या स्टँडवर भेटली. तिनं सांगितलं. माझ्या जागी चिपळूणकडची एक बाई ठेवली होती. तिला पहिल्या दिवशीच बजावलं होतं, पेशंटशी बोलायचं नाही. काम करायचं, बोलायचं नाही. आजी हाका मारायच्या. ती बिचारी घाबरून बाहेर जाऊन बसायची. पुढे आजींनी हाका मारणंही सोडलं.

"बहुत चुप हो गयी थी," ती म्हणाली, आणि गाडी लागली म्हणून धावली.

मी स्टँडवर उभी राहिले. वाटलं, तीन शब्द बोलले असते तर शेवटपर्यंत त्यांच्याजवळ राहिले असते. हा विचार अजून येतो. येईलच. पण मग दुपारी आजी "परत सांग" म्हणाल्या असत्या, आणि मी काय सांगितलं असतं? खोटं ठरवलेलं परत कसं सांगणार? मी पण त्या घरातल्यासारखीच गप्प बसले असते. एका खोलीत दोघी, आणि दोघी मुक्या.

आता मी काम शोधताना एक करते. बंगल्याच्या पायरीवरच बोलते, आत जायच्या आधी. आडनाव सांगते, वाडी सांगते, ख्रिस्ती आहे हेही सांगते. परवा मारुती मंदिराजवळच्या एका घरी गेले, सासरे अंथरुणाला खिळलेले. सून चांगली शिकलेली. म्हणाली, "तुमच्याबद्दल ऐकलंय. काम चांगलं करता म्हणे. पण इथं ते काही चालणार नाही."

मी म्हटलं, "मी आपणहून कोणाच्या कानाशी लागत नाही. तुमच्या देवाला नावं ठेवणार नाही. पण तुमच्या सासऱ्यांनी मला काही विचारलं, तर मी गप्प बसणार नाही आणि खोटं बोलणार नाही. चालत असेल तर उद्यापासून येते."

तिनं दार लावून घेतलं.

मी फाटक ओढून घेतलं आणि पुढच्या पत्त्यावर निघाले. तिथंही हेच सांगणार होते. आत घेवोत न घेवोत.