पीपी कॉल, मेव्हण्याच्या नावाने

मी चौथी शिकलेला. मानपाड्याला रंगाच्या कारखान्यात कामाला होतो, राहायला डोंबिवलीत चाळीत. फोन तळमजल्यावरच्या काकूंकडे. तेव्हा बायकोच्या गावी थेट फोन लागत नसे. ट्रंक कॉल बुक करायचा, ऑपरेटर बाईला नंबर सांगायचा आणि बसून राहायचं. लाइन मिळाली की ती घंटी द्यायची.

बायकोचं माहेर खाडीकाठचं, कोळ्यांचं. गावात फोन एकच, दुकानात. बायको पीपी कॉल लावायची, म्हणजे माणसाचं नाव सांगून. तो माणूस आला तरच जोडणार. नसला तर कॉल रद्द, पैसे थोडेच. ती नाव द्यायची भावाचं, आणि तेही तो होडी घेऊन गेला असेल अशा वेळी. दुकानदार ऑपरेटरला "नाहीये तो" म्हणायचा आणि सासूला निरोप द्यायचा, फोन येऊन गेला. तेवढ्यावरून सासूला कळायचं, पोरगी बरी आहे.

मी म्हणायचो, "सरकारला फसवतेस."

"मी कुठे फसवते? भावाला बोलवा म्हटलं. तो घरी टिकत नाही, त्याला मी काय करू?"

काकू हसायच्या. "हिचा भाऊ जन्मात फोनवर यायचा नाही हो."

मग ती तापाने पडली. तिने आईला पत्र टाकलं, बरं वाटलं की फोन लावते. आठव्या दिवशी सकाळी हॉस्पिटलात वारली.

मी काकूंकडे येऊन ट्रंक बुक केला. मला खरोखरच मेव्हणा हवा होता, म्हणून नाव त्याचं दिलं. अर्ध्या तासाने घंटी वाजली.

"ते नाहीत. त्यांची आई उभी आहे. जोडू?"

आईला असलं कसं सांगायचं? म्हटलं, "नको."

"मग रद्द करू?"

"करा."

जिन्यापर्यंत गेलो तेव्हा डोक्यात शिरलं. मेव्हणा नाही, कॉल रद्द, म्हणजे तिकडे पोरगी बरी. परत फिरलो, अर्जंट लावला. आता लाइनच मिळेना. शेवटी तार केली. ती दुसऱ्या दिवशी पोचली. इथे प्रेत तेवढं थांबवता येत नव्हतं. दुपारीच उरकलं. माहेरच्या कुणी तोंड पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी माणसं आली. मेव्हणा म्हणाला, "दाजी, आईनं त्या दिवशी देवीला नारळ फोडला. सगळ्या आळीत खोबरं वाटलं."

सासू भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "मी उभी होते ना तिथं. मला का नाय दिला फोन?"

"हिंमत झाली नाही."

"माझी झाली असती."

 

पुढे एसटीडी आलं. शून्य फिरवायचं, गावचा कोड, मग नंबर. मध्ये ऑपरेटर नाही. मी बूथवरून दुकानात लावायचो आणि सांगायचो, सासूबाईंना बोलवा. ती घरून चालत येईपर्यंत फोन तसाच धरून ठेवायचो. बूथवाला म्हणायचा, "काका, कट करा, पाच मिनिटांनी परत लावा." मी कट करत नसे.