अंगातून गोंदिया उतरेपर्यंत

सुट्टी संपवून परत आलो की बॅग दोन दिवसांत रिकामी होते, पण माणसाला मात्र महिना लागतो! त्या महिन्यात आमच्या हातून जे काही घडतं, ते रविवारी चहाला जमलो की बाहेर पडतं. डब्लिनमध्ये आम्ही गोंदिया जिल्ह्याचे चौघं. मी गोंदिया शहरातली, इथे एका दवाखान्यात नर्स. प्रमिला केशोरीची, त्याच दवाखान्यात लॅबमध्ये. देवेंद्र बोदलकशाजवळच्या खेड्यातला, कॉम्प्युटरवाला. आणि प्रकाश कोहमाऱ्याचा, तो सामान पोचवायची व्हॅन चालवतो. यंदा चौघंही घरी जाऊन आलो, त्यामुळे चौघं परत जमलो त्या रविवारी चहा दोनदा गरम करावा लागला!

*

सुरुवात देवेंद्रपासून. विमानतळावरच त्याची बॅग उघडली.

"हे काय?" ऑफिसरने विचारलं.

"तांदूळ."

"आणि हे?"

"पोहे. म्हणजे... तांदूळच. चपटा केलेला."

"हे?"

"मुरमुरे. तांदूळच, पण फुगवलेला."

ऑफिसर चांगला माणूस होता. म्हणाला, "साहेब, या बॅगेत तांदूळ नाही असं काही आहे का?"

देवेंद्रने तळापर्यंत हात घातला आणि आनंदाने ओरडला, "आहे ना! पापड!"

मग पिशवी नीट बघितली आणि आवाज खाली आला. "सॉरी. तेही तांदळाचेच."

*

प्रकाश महिनाभर भावाची गाडी घेऊन कोहमाऱ्याच्या चौकातून फिरला होता. तिथे हॉर्न वाजवला नाही तर मागचा ट्रकवाला विचारतो, "सो गये क्या, भैया?"

इथे पहिल्याच दिवशी सिग्नलला त्याने सवयीने हॉर्न दिला. पुढच्या गाडीतली बाई खाली उतरली! घाबरून जवळ आली. "तुम्ही बरे आहात ना? काही मदत हवी आहे का?"

प्रकाश म्हणाला, "नाही, काही नाही. मी मागे आहे, एवढंच सांगत होतो!"

*

प्रकाशचाच दुसरा किस्सा. गावी रोज कोणाच्या तरी ओट्यावर बसायची सवय लागलेली. परत आल्यावर शनिवारी घर खायला उठलं, तर हा सरळ शेजारच्या म्हातारीकडे गेला. दोन वर्षांत पहिल्यांदा!

"काय झालं?" दार उघडताच तिने विचारलं.

"काही नाही. सहज आलो."

"पाणी गळतंय का?"

"नाही."

"कोणी आजारी आहे?"

"नाही हो. सहज!"

बिचारीने चहा दिला. तासभर दोघं बसले. जाताना तिने परत विचारलं, "पण नक्की काही झालं नाही ना?"

पुढच्या शनिवारी प्रकाशची बेल वाजली. दारात म्हातारी, हातात केक. काळजीने विचारते, "सहज येताना केक आणलेला चालतो का?"

*

आता माझा. वॉर्डात मायकल नावाचे पंच्याऐंशीचे आजोबा. दोन दिवसांपासून घास घेत नव्हते. आता नळी घालावी लागणार, असं डॉक्टर म्हणत होते. सगळ्यांनी गोड बोलून पाहिलं होतं.

माझी परत आल्यानंतरची पहिली ड्यूटी. ताट जसंच्या तसं पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "काऊन जी बाबा, जेऊन नाही राहिले? आँ?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. चमचा उचलला. सूप संपवलं, बटाटा संपवला, पुडिंगसुद्धा!

आमची आयरिश सिस्टर धावत आली. "मायकल, ही काय म्हणाली तुम्हाला?"

"एक शब्द कळला नाही," आजोबा म्हणाले. "पण खाल्लं नाही तर आपली खैर नाही, एवढं कळलं!"

*

शेवटचा किस्सा प्रमिलाचा. ती एकुलती एक. वडील गेल्यापासून आई केशोरीत एकटीच असते. महिनाभर माय-लेकी एका ताटात जेवल्या. परत आल्यावर प्रमिलाने पहिल्या दिवशी कशीबशी पालकाची भाजी केली, पण घास उतरेना. डबा फ्रिजमध्ये गेला. नंतर नुसतं चहा-ब्रेड.

रोज दुपारी आईचा व्हिडिओ कॉल. तिकडे तेव्हा संध्याकाळच्या जेवणाची वेळ.

"काय रांधली?"

"पालकाची भाजी, माय."

"दाखव."

प्रमिला डबा दाखवायची. आईचं समाधान व्हायचं.

पाचव्या दिवशी आई म्हणाली, "प्रमिले, त्या भाजीतली लाल मिरची चार दिवसापासून एकाच जागी हाय! जेवत काऊन नाही तू?"

चोरी पकडली गेली तशी प्रमिला चिडली. "आणि तू काय रांधली? दाखव बरं!"

"वांग्याची भाजी."

"दाखव."

फोनमध्ये छताचा पंखा दिसायला लागला. बराच वेळ पंखाच.

"माय, दाखव नं!"

शेवटी ताटली समोर आली. त्यात दोन टोस्ट आणि चहाचा कप!

मग आईच म्हणाली, "फोन तसाच उभा ठेव. मी वांगं चिरतो. तू बी काही तरी चिरायले घे."

प्रमिलाने कांदा घेतला. दोन मिनिटांनी तिकडून आवाज आला, "रडून काऊन राहिली?"

"कांदा हाय, माय. पण तू कायले डोळे पुसून राहिली?"

"आपल्या केशोरीचं वांगं बी तसलंच हाय!"