गड्ड्यावरचा नूडल्सचा स्टॉल

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घही मला नीट कळत नाही. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. शाळा चौथीपर्यंत झाली. नवरा पोलीस खात्यात होता, तो ड्युटीवर असतानाच गेला. त्याच्या जागी मला शिपाई म्हणून घेतलं, आणि मी हवालदार होऊन निवृत्त झाले.

परवा नातीनं मॉलमध्ये नेलं. वरच्या मजल्यावर खाण्याची दुकानं होती. तिनं नूडल्सची प्लेट समोर ठेवली, आणि सत्तरच्या दशकातला एक तपास डोळ्यांपुढं आला. नावं कुणाचीच लिहीत नाही.

जानेवारीचे दिवस होते. सिद्धेश्वराच्या जत्रेला आम्ही सोलापूरकर गड्डा म्हणतो. मैदानावर तंबूत आमची तात्पुरती चौकी होती. लिहायचं काम मला देत नसत. बायकांची झडती घेणं आणि चुकलेल्या मुलांजवळ बसणं, एवढंच माझ्याकडं होतं. नोकरीत नवीन होते. साहेबांसमोर तोंडातून शब्द फुटत नसे.

त्या वर्षी भजी आणि चिवड्याच्या दुकानांच्या रांगेत एक नवा स्टॉल लागला होता. मुंबईला हॉटेलात काम करून आलेला इथलाच एक मुसलमान माणूस मोठ्या कढईत चायनीज नूडल्स परतायचा. लोक त्याला लांब शेवया म्हणायचे आणि खाण्यापेक्षा बघायलाच जास्त उभे राहायचे.

संध्याकाळी मी तिथून फेरी मारत होते. त्यानं झाऱ्यानंच मला खुणावलं.

"बाई, जरा इधर आव. वो पीली साडी देखो. मेरेकू वो बच्ची की माँ नै लगती."

"कायकू?"

"बच्ची के गले में लिंग है. और ये बोलती, दो अंडे डाल."

लिंगायत घरात लहानपणीच मुलाच्या गळ्यात लिंग बांधतात, चांदीच्या छोट्या डबीत. त्या घरांत अंडं शिजत नाही. मी म्हणाले, "बाहेर खातात की लोक."

"खाते, मालूम है. मेरे बाजू में लिंगायताँच रहते. पण बच्ची के गले में लिंग रख के कौन माँ खिलाती, बोलो."

मला ते पटलं. पिवळ्या साडीतल्या बाईला मी चौकीत चला म्हणाले. ती निमूट आली, कारण तीनेक वर्षांची ती पोरगी प्लेट सोडायला तयार नव्हती आणि मी प्लेट हातात घेऊन पुढं चालत होते.

चौकीतले जुने हवालदार हसले. "शेवया खाल्ल्या म्हणून आता गुन्हा नोंदवायचा का, बाई?"

फौजदार साहेब मात्र हसले नाहीत. म्हणाले, "तुम्हीच विचारा. मी बाहेर थांबतो."

मला भराभर प्रश्न विचारता येत नसत. मी पोरीचे केस सारखे करत गप्प बसले. गप्प बसलेल्या माणसासमोर खोटं बोलणाऱ्याला बसवत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ती बाई आपणहूनच बोलू लागली.

"माजी लेक हाय. चोरून आणली व्हय मी?"

मी पोरीची बट कानामागं सारली.

"हिचा बाप कुर्डुवाडीला ऱ्हातो. आमाला गाडी धरायची हाय. लई उशीर केला तुमी."

पोरीला नाव विचारलं तर ती नुसती हसली आणि अजून एक शेवई तोंडात ओढली. मी तिच्या गळ्यातली डबी बोटानं उचलली.

"छान आहे. कधी केली?"

"ताईत हाय त्यो. पोरीला ताप आला हुता, तवा मीच बांधला. नजर लागत न्हाय की."

"बरं केलंत," एवढंच बोलले आणि पोरीला उचलून बाहेर साहेबांकडं गेले. ती ज्याला ताईत म्हणते ते लिंग आहे, हे सांगताना माझी जीभ अडखळली. साहेबांनी मधे न बोलता सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन त्यांनी बाईला एकच विचारलं, "डबीत काय आहे?" ती म्हणाली, "अंगारा." साहेब म्हणाले, "उघडू?" ती खाली बसली आणि रडायला लागली.

देवळाभोवतीच्या तळ्याजवळच्या गर्दीतून तिनं पोरीला उचललं होतं. मूल नव्हतं, वाढवणार होते, म्हणाली. खरं-खोटं तिलाच ठाऊक. "ठेसनावरच चालले हुते, पर ही शेवयापासनं हलंना." गुन्हा नोंदवला, जबाब झाला. वायरलेसवरून कळलं की देवळाजवळच्या चौकीत अक्कलकोटकडचं एक कुटुंब बसून आहे.

पोरीचे आई-बाप आणि आजी आमच्या चौकीत आले. तिला छातीशी धरून आई उभीच राहिली. आजीनं आधी डबी डोळ्यांना लावली. मग नातीचं तेलकट तोंड बघून तिनं कानडीत मला विचारलं, "एन तिंदाळ?" काय खाल्लं हिनं?

अंडं घातलं की नाही, हे मी विचारलंच नव्हतं. मी त्यांना सरळ स्टॉलवर घेऊन गेले.

स्टॉलवाला म्हणाला, "अंडा हाथ में लिया, उसकू दिखाया, वापस रख दिया. कढई बी अलग ली. खाली नूडल्स और गोबी है, अम्मा. उसकू रोकना था ना, आप लोगां आए तक."

आजीनं त्याला हात जोडले. त्यानं हात कपाळाशी नेऊन सलाम केला आणि घाईघाईनं स्टोव्हला पंप मारू लागला. मुलीच्या बापानं पैसे द्यायला खिशात हात घातला, तेव्हा तो नको म्हणत मागं सरकला.

साहेबांनी वर पाठवायच्या अहवालात माझं नाव लिहिलं. मी गप्प बसले, ते साहेबांनी बसू दिलं म्हणून. आणि विचारलं, ते त्या स्टॉलवाल्यानं बोलावलं म्हणून. पुढं इतकी वर्षं नोकरी केली ती हे मनात धरून, की ठाण्यात बसलेल्या पोलिसाला काही दिसत नसतं. रस्त्यावर काम करणाऱ्याला दिसतं, आणि त्याला आपल्याला हाक मारावीशी वाटली पाहिजे. त्या दोघांचे उपकार मी विसरले नाही.

त्या संध्याकाळी स्टॉलवर आजीला स्वतः खाणं चालणार नव्हतं. तिनं तसं त्याला सरळ सांगितलं. मग नातीला बाकावर बसवलं आणि म्हणाली, "हिचं पोट भरलं नाही. अजून एक दे, मगासारखीच." प्लेट आली. पोरगी खाईपर्यंत आजीनं ती आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली.